अंगारकीपर्यंत थांबलेलं अपील

आमचे वकीलसाहेब कोर्टात वेळेवर पोहोचलेले मी एकदाच पाहिले, आणि त्या दिवशी कोर्टाला सुट्टी होती. फाटकाला कुलूप बघून माणूस ओशाळेल की न्हाई? छे! उलट मलाच म्हणाले, "बघा मास्तरीणबाई, आपण आलो तर न्यायदेवताच गायब. आता बोल कुणाला लावायचा?" मंग आम्ही समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली आणि मी दुपारच्या एस.टी.नं जाफराबादला परत गेले.

ते राहायचे जालन्यात, मस्तगडला, एका किराणा दुकानाच्या माडीवर. खाली लाल मिरच्यांची पोती, वर वकीलसाहेब. पक्षकार जिना चढतानाच शिंकायला लागायचा आणि वर पोहोचेपर्यंत त्याच्या डोळ्याला धार लागलेली असायची. साहेब म्हणायचे, "बरं हाय. रडतच आला की माणूस खरं बोलतो." निजामाच्या राज्यात हैदराबादला शिकलेले, कैक वर्षं उर्दूत वकिली केलेली. राज्य गेलं, कोर्टाची भाषा बदलली, कायदे बदलले. साहेबांची चाल काही बदलली न्हाई. काळा कोट धुऊन धुऊन हिरवट पडलेला. मनगटाला घड्याळ न्हाई. "जल्दी का काम शैतान का," हे दिवसातून दहादा. मुदतीबद्दल तर त्यांचं स्वतःचं शास्त्रच होतं. म्हणायचे, "मुदत म्हणजे सासुरवाडीचं जेवण. जावई आल्याबिगर पंगत कुणी बसवतंय का?"

मी हसायचे. तेव्हा मला काय ठाऊक, की त्या पंगतीत माझंच पान वाढून ठेवलेलं हाय.

कोर्टाचा शिपाई नावाचा पुकारा करायचा तेव्हा साहेब हमखास रस्त्यापलीकडं असायचे. तिसऱ्या पुकाऱ्याला हॉटेलातून आवाज यायचा, "आलो रे बाबा, घसा फाडू नको!" आणि आत शिरल्यावर आधी त्या शिपायाच्याच घशाची चौकशी. खोकल्याला अडुळसा, गुडघ्याला निर्गुडी, ही त्यांची खरी प्रॅक्टिस. एकदा बांधाच्या भांडणात समोरच्या पार्टीची एक म्हातारी साक्षीला उभी होती. उलटतपासणी करायची सोडून हे तिला विचारतेत, "आजी, गुडघे दुखतेत का? उभं राहवत न्हाई दिसतंय." म्हातारी म्हणली, दुखतेत. मंग निर्गुडीचा पाला कसा शेकायचा ते झालं, रात्री पाय कसे ठेवायचे ते झालं, जज्जसाहेब कंटाळून पेन आपटायला लागले. शेवटी म्हातारी आपणहूनच म्हणली, "या देवमाणसापुढं खोटं कसं बोलू बाई? बांध आमच्याच पोरानं सरकवला." केस जिंकली. समोरचा वकील कोर्टाबाहेर म्हणाला, "हा वकील हाय का वैदू?"

आता माझं सांगते. माझा नवरा शिक्षक होता, काविळीनं गेला. पदरात दोन वर्षांची पोरगी. मला त्याच्या जागी उभं राहायचं होतं, पण त्याला ट्रेनिंग लागायचं, दोन वर्षांचं, जालन्यात राहून. थोरले दीर आणि जाऊ जाफराबादच्या पलीकडं एका खेड्यात शेती करायचे. त्यांना मूलबाळ न्हाई. जाऊ म्हणली, "जा तू. पोरीला मी बघते." आणि तिनं बघितलं, खोटं कशाला बोलू, डोळ्यात तेल घालून बघितलं. मी ट्रेनिंग उरकून, जाफराबादच्या शाळेत लागून पोरीला न्यायला गेले, तर पोर जावेच्या पदराआड लपली. दीर म्हणाले, "आता ती आमची झाली." मी म्हणले, असं कसं? तर त्यांनी सरळ जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज टाकला: आईनं पोर टाकून दिली, दोन वर्षं फिरकली न्हाई, पालक म्हणून आमची नेमणूक करावी.

फिरकली न्हाई म्हणे! महिन्यातून एकदा येत होते मी, खाऊ घेऊन. पण खाऊची पावती कोण ठेवतंय?

साहेबांकडंच का गेले, ते एका वाक्यात सांगता येईल. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे काकू म्हणायचो त्यांना, मला चहा दिला, आणि सगळ्यांना होती तसलीच कपबशी दिली. आम्ही बौद्ध. छप्पनच्या दीक्षेनंतरसुद्धा चांगल्या चांगल्या शिकलेल्या घरांत आमची कपबशी फडताळाच्या कोपऱ्यात निराळी असायची, आणि ती आमची आम्हीच धुऊन ठेवायची. काकूंनी माझी कपबशी उचलली, साहेबांच्या कपबशीवर ठेवली आणि आत नेली. त्या खणखणाटावर मी वकील निवडला. आता तुम्ही म्हणाल, ही काय वकील निवडायची रीत झाली? न्हाई झाली. पण तेव्हा हीच रीत होती.

राजूरच्या गणपतीवर साहेबांची भारी श्रद्धा. भिंतीवर तीन कॅलेंडरं, आणि तिन्हींवर संकष्टी चतुर्थ्या लाल पेन्सिलीनं गोल केलेल्या. साधा अर्ज असला तर साध्या चतुर्थीला, हळदीत बुडवलेल्या कापडात कागद बांधून, एस.टी.नं राजूरला न्यायचा, देवाच्या पायावर ठेवायचा, पेढे घेऊन परत यायचं, आणि मंगच कोर्टात दाखल करायचा. अपील असलं तर साधी चतुर्थी चालायची न्हाई. अपिलाला अंगारकीच लागायची, म्हणजे मंगळवारी येणारी चतुर्थी. ती काय दर महिन्याला येती? वर्षातून एकदा-दोनदा. हैदराबादेत म्हणे त्यांचं पहिलं अपील अंगारकीला पायावर ठेवलं आणि हरलेली केस फिरली. तेव्हापासून हा नेम.

मी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, "साहेब, माझा कागद तिकडं नेऊ नका. गौरी-गणपतीला देव मानणार न्हाई, अशी प्रतिज्ञा हाय माझी. परकरी पोर होते तेव्हा बावीसच्या बावीस घडाघडा म्हणल्यात."

"तुम्ही मानू नका ना," साहेब म्हणाले. "मी मानतो. वकील कोण हाय, तुम्ही का मी?"

वकील तर तेच होते.

खालच्या कोर्टात आम्ही हरलो. साहेब बोलले चांगलं, वेळेवरबी आले, निदान दुसऱ्या पुकाऱ्याला. पण जज्जसाहेबांनी पोरीला जवळ बोलावून विचारलं, "बाळ, तुझी आई कुठंय?" आणि पोरीनं जावेकडं बोट केलं. चार-साडेचार वर्षांची ती, तिला काय दोष द्यायचा! मी तिथंच उभी होते, नवीन लुगडं नेसून. निकालात लिहिलं होतं की मूल तिथं रुळलंय, मुलाचं हित तिथंच हाय, ताबा आणि पालकपण चुलत्याकडं. मला पोरीला भेटायची मुभा, तीही त्यांच्या सवडीनं; ती सवड त्यांना कधी झालीच न्हाई.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बिलकुल घाबरू नका. मुंबईच्या हायकोर्टात अपील करू. नव्वद दिवस हायेत आपल्याजवळ."

नव्वद दिवसांत मी चारदा मस्तगडला गेले. चारही वेळा मिरच्यांनी रडत जिना चढले आणि चारही वेळा साहेब म्हणाले, "दाखल झालंच समजा." मला बाई ते 'समजा' तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. पण मी शाळेत पोरांना गणितं घालताना दिवसातून वीसदा 'समजा' म्हणते, म्हणून कानाला काही टोचलं न्हाई.

पाचव्यांदा गेले ती मुंबईतला अपिलाचा नंबर विचारायला. साहेबांनी मोठ्या कौतुकानं हळदीच्या कापडाची गाठ सोडली. आत माझं अपील. पहिल्याच पानावर कुंकवाचा ठसा आणि एक वाळलेली दूर्वा.

"हे इथं कसं?" मी विचारलं.

"कालच तर अंगारकी झाली! काय गर्दी होती सांगू, चार तास रांगेत उभा होतो तुमच्यासाठी. आता आज रात्रीच्या गाडीनं मुंबईला धाडतो."

"आणि मुदत?"

साहेबांनी कॅलेंडरकडं पाहिलं. मीही पाहिलं. मुदतीच्या तारखेलाबी त्यांनी गोल केलेला होता, लहानसा. पुढं अंगारकीचा गोल, चांगला पोळीएवढा. दोन्हींच्या मध्ये बारा दिवस.

"बाराच दिवस तर झाले," साहेब म्हणाले. "सरकारला बारा दिवसांचं काय?"

"बारा दिवसांत माणूस मेला तर त्याचं सगळं उरकतंय, साहेब!" मी म्हणले. आणि पुढं जे बोलले ते मास्तरणीनं बोलू नये. गाढव म्हणले, झोपाळू म्हणले, देवाच्या नावावर पोरीचा गळा कापला म्हणले. मुदत चुकली ती चुकली, आणि साहेब थांबले कुणासाठी, तर ज्याला मी मानत न्हाई त्याच्यासाठी! त्या गणपतीचा यात काडीचा दोष न्हाई, तो बिचारा काही लवकर-उशिरा म्हणला नव्हता. आवाज ऐकून काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. मला वाटलं, आता मला घालवून देतेत. तर दाराला टेकून म्हणल्या, "बोल गं बाई, अजून बोल. माझं तर तीस वर्षांत ऐकलं न्हाई यांनी."



उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, आणि उशीर का झाला याचं शपथपत्र लागतं. आठवड्यानं साहेबांनी ते माझ्यापुढं ठेवलं. त्यात लिहिलेलं: अर्जदार बाई विषमज्वरानं अंथरुणाला खिळून होती, सबब उशीर झाला. सही कुठं करायची तिथं फुली.

"मी कधी आजारी होते?"

"कुणीच नसतं, मास्तरीणबाई. पण सगळी अपिलं तापानंच उशिरा होतेत. हा दस्तूर हाय. जज्जांनाबी ठाऊक असतंय."

"माझ्या शाळेचा हजेरीपट काढा. एक दिवस रजा न्हाई माझी. दिरांचा वकील तो हायकोर्टात नाचवील. आणि आधीच म्हणतेत की आईला पोर सांभाळणं जमत न्हाई. त्यात मीच सही करून देऊ का, की मी अंथरुणाला खिळलेली असते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मुद्दा त्यांना पटलेला दिसत होता, आणि तो आपल्याला सुचला न्हाई याचं वाईटबी वाटलेलं.

"मंग काय लिहू?"

"झालं ते लिहा."

माडीवर त्यांचे दोन ज्युनियर वकील बसलेले होते. ते एकदम उठलेच. "साहेब, असलं काही लिहू नका. उभा जालना हसेल. चाळीस वर्षांची इज्जत हाय तुमची." साहेब त्यांच्याकडं बघतबी न्हाईत. फुलीवाला कागद त्यांनी फाडला, कोरा घेतला, आणि स्वतःच्या नावानं शपथपत्र लिहायला बसले. मराठीतला कच्चा खर्डा मला वाचून दाखवला, तो अजून पाठ हाय: 'मी अंगारकी चतुर्थीची वाट पाहत होतो. मुदतीची तारीख मला माहीत होती. पक्षकार बाईने चार वेळा विचारले व मी चारही वेळा दिशाभूल केली. बाई निर्दोष आहे. चूक सर्वस्वी माझी आहे.' आणि खाली सही केली. शिव्या एवढ्या दिल्या होत्या मी त्या माणसाला; त्या क्षणी मात्र त्यांच्याबद्दल माझा ऊर भरून आला. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल कसं वाटतंय, ते मला आजवर कळलं न्हाई.

मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो, मी, साहेब आणि डब्यात काकूंच्या दशम्या. हायकोर्टात आमच्या वतीनं तिकडचे वकील इंग्रजीत बोलत होते. मी मागच्या बाकावर. मला शब्द कळत नव्हते, फक्त 'अंगारकी' तेवढं कळलं. ते आलं आणि सगळे हसले. वकील हसले, कारकून हसला, जज्जसाहेबांच्याबी मिशीत हसू आलं. मला वाटलं, झालं काम! आपल्याकडं हसलेला माणूस न्हाई म्हणत न्हाई. शेतातला वांधा असो की सोयरीक असो, समोरचा एकदा हसला की पुढचं बोलणं चहावर होतंय. मी तिथल्या तिथं पोरीचे कपडे किती आणायचे याचा हिशेब करायला लागले.

दोन मिनिटांत अर्ज फेटाळला. वकिलाची श्रद्धा हे उशिराचं पुरेसं कारण होऊ शकत न्हाई, असं काहीतरी म्हणले. अपील आत घेतलंच न्हाई. म्हणजे माझी बाजू खरी का खोटी, हे मुंबईत कुणी विचारलंच न्हाई. साहेब व्हरांड्यात आले आणि खांबाला धरून उभे राह्यले. मी त्यांच्याशी बोलले न्हाई. जालन्यापर्यंत न्हाई, आणि त्याच्यापुढं सहा-सात महिने न्हाई.

एके दिवशी भर उन्हाचे साहेब जाफराबादला माझ्या शाळेत हजर. कोट अंगात, डोक्याला ओला रुमाल, धापा टाकत.

"मास्तरीणबाई, मी तो हुकूम रोज वाचतो. पाठ झालाय. त्यात लिहिलंय, ताबा चुलत्याकडं. पालकपण चुलत्याकडं. शाळेचं काय लिहिलंय?"

"काय लिहिलंय?"

"काहीच न्हाई! त्या गावात जिल्हा परिषदेची शाळा हाय. एकशिक्षकी. तिथं कुणी टिकत न्हाई. तुम्ही बदली मागा."

त्या खेड्याला तेव्हा एस.टी. जात नव्हती, सडकेपासून चार मैल चालायचं, पावसाळ्यात ओढा आडवा. तिथली बदली म्हणजे शिक्षा. मास्तर लोक ती रद्द करायला पुढाऱ्यांचे उंबरे झिजवायचे. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा साहेबानं, म्हणजे शिक्षणखात्यातल्या साहेबानं, तीनदा विचारलं, "कोणतं गाव म्हणलात?" चौथ्यांदा विचारायच्या आत त्यानं सही ठोकली, न जाणो बाईचं डोकं ठिकाणावर आलं तर!

पहिल्या दिवशी थोरले दीर शाळेच्या दारात उभे होते. म्हणले, "शिकवा. गावाला मास्तर पाहिजेच हाय. पण पोरीला काही सांगायचं न्हाई. ती आमच्या हिला आई म्हणती, म्हणू द्या." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? पोर सात वर्षांची झाली होती. जावेनं तिच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधलेल्या, चापूनचोपून, एक केस बाहेर न्हाई. माझ्यानं इतक्या नीट झाल्या नसत्या.

मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं, तेव्हा पुस्तकात बघून वाचल्यासारखं वाचलं.

"हजर, बाई."

अशी ती रोज हजर असायची. पावसाळ्यात अर्धी पोरं यायची न्हाईत, ही यायचीच. हात धरून अक्षर गिरवून घेतलं, नखं कापली, चुकली तर ओरडले, दोनदा छडीबी मारली आणि घरी जाऊन स्वतःच रडले. पण आई म्हणून एक शब्द न्हाई. दिलेला शब्द होता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर वकीलसाहेब आले. चार मैल चालत, हातात काठी, खांद्याला मोसंब्यांची पिशवी. मी हजेरी घेत होते. ते दारातच थांबले. तिचं नाव मी पुकारलं, आणि ती म्हणली, "हजर, बाई." साहेबांनी ते ऐकलं आणि मटकन पायरीवर बसले. मी बाहेर आले.

"मी सांगतो तिला," ते म्हणाले. "मी कुणाला शब्द दिलेला न्हाई. मी सांगतो, की बाळ, ही तुझी..."

"तोंड उघडाल तर खबरदार," मी म्हणले. "उद्यापासून तिला शाळेत धाडणार न्हाईत. एवढंच उरलंय माझ्याजवळ, साहेब. तेबी घालवता का?"

तेवढ्यात ती स्वतःच दारात आली. पाढे लिहून झाले म्हणून सांगायला आली होती. साहेबांच्या कोटाकडं बघत राह्यली, मंग मला म्हणली, "बाई, हे उशीर करणारे वकील का?"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. आई म्हणली, ते वेळेवर गेले असते तर मी तुमच्याजवळ राहिले असते. कुणाला सांगू नको म्हणली, बाबा रागावतेत."

म्हणजे जाऊ! आणि ही पोर किती दिवसांपासून हे पोटात ठेवून रोज मला 'हजर, बाई' म्हणत होती, कोण जाणे.

साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हो बाळ," ते म्हणाले. "तोच मी. तुझी माफी मागायला आलोय."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "करू का, बाई?"

"तुझं तू ठरव," मी म्हणले. "माझं माझ्याकडं राहू दे."

तिनं पिशवीतलं एक मोसंबं निवडून त्यांच्या हातात दिलं आणि सोलून घ्यायला त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. साहेब नखानं साल काढायला लागले. मी आत गेले आणि फळ्याकडं तोंड करून सातचा पाढा लिहायला घेतला. सात दाही सत्तर झालं तरी माझ्यानं पोरांकडं वळवेना, म्हणून मी आठचाही लिहिला.